वर्गणीची वही आणि पालिकेचा रंग

कर्जतच्या बैठकीत एका पोराने सरळ विचारलं, "दादा, मुंबईत भिंती रंगवायला पालिका कोटीकोटी देते. आपले चित्रकार काय मेलेत का? आपण अर्ज का करीत नाही?" बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. मी गप्प बसलो. घरी कडावला आलो तरी प्रश्न डोक्यातून जाईना. अर्ज करावा हे खरं. पण अर्ज कशासाठी करायचा, कुणाच्या अटीवर करायचा, आणि पैसा आला की आपल्या भिंतीवरचा आवाज आपला राहतो की देणाऱ्याचा होतो, हे बैठकीत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. म्हणून हे लिहितोय. समीक्षा म्हणा, भांडण म्हणा.

मी तीस वर्षं कर्जत लोकलने मुंबईला गेलो. आधी एसटी, पुढे टमटम, मग स्टेशन. नेरळ, वांगणी, बदलापूर करीत गाडी आत शिरते तशा भिंती बदलतात. आधी हिरवळ, मग बिल्डरची जाहिरात, मग गुप्तरोगाचा हमखास इलाज, मग घाटकोपर-कुर्ल्याच्या झोपड्यांचे पत्रे. अलीकडे पत्र्यांच्या पुढच्या भिंती रंगल्यात. फुलपाखरं. फ्लेमिंगो. डबेवाला. हसणारी पोरगी पाटी-पुस्तक घेऊन. भिंतीच्या अलीकडे चित्र आणि पलीकडे तीच पोरगी हंडा घेऊन नळाच्या रांगेत. चित्र गाडीतल्या माणसासाठी आहे. भिंतीमागं राहणाऱ्याला भिंतीची पाठ दिसते, आणि पाठीला कुणी रंग दिलेला नाही.

मुंबई महापालिकेने डिसेंबर २०२२ मध्ये सौंदर्यीकरणाचा कार्यक्रम काढला. आकडा होता सुमारे १,७०० कोटींचा. त्यात भिंती रंगवणं आलं, पुलाखाली दिवे आले, झाडांना विजेच्या माळा गुंडाळणं आलं, पदपथ आले. सगळा पैसा चित्रांना गेला असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे कोणती भिंत, कोणतं चित्र, किती पैसा हे ठरलं तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाची सही आणि ठेकेदाराचं टेंडर. माटुंगा लेबर कँपमधल्या बाईला कुणी विचारलं नाही की बाई गं, तुझ्या भिंतीवर काय काढू?

मला या शब्दाचाच राग आहे. सौंदर्यीकरण! जे कुरूप आहे ते मुळातून बदलायचं नाही, त्यावर हात फिरवायचा. ज्या चित्रकार पोरांनी उन्हात शिडीवर उभं राहून ब्रश मारला त्यांच्यावर माझा राग नाही. चौरस फुटावर मजुरी मिळते, नाव खाली टाकायची बहुतेक ठिकाणी सोय नसते, रंग ठेकेदार देईल तो. भित्तिचित्र म्हणून त्या कामाकडे पाहिलं तर हात चांगला आहे, रेघ चांगली आहे. पण विषय कुणी दिला? ज्याने पैसा दिला त्याने. म्हणून सगळ्या शहरात एकच फुलपाखरू उडत असतं.

आता दुसऱ्या टोकाला या. पुतळे.

इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेसाठी आपण काय काय केलं हे नव्या पोरांना सांगायला हवं. ६ डिसेंबर २०११ ला आनंदराज आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते मिलमध्ये घुसले, जागा ताब्यात घेतली, तेव्हा कुठे दिल्लीला जाग आली. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने उंची वाढवली, चौथरा १०० फूट, पुतळा ३५० फूट, एकूण ४५०. खर्च ७६३ कोटींवरून १,०८९ कोटी ९५ लाखांवर गेला. शिल्पकार राम सुतार. भूमिपूजनानंतर दहा वर्षं उलटली तरी काम पुरं झालं नाही.

त्याच जानेवारीत वाडिया रुग्णालयाचा पैसा अडला होता. लहान पोरांचं, बाळंतिणींचं हॉस्पिटल. उच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं की पुतळ्याला पैसा आहे आणि दवाखान्याला नाही. प्रकाश आंबेडकरांनी म्हटलं, स्मारकाचा पैसा वाडियाला द्या. आपल्यातले काही जण तेव्हा बाळासाहेबांवर चिडले. मी चिडलो नाही. पण एक सांगतो. ज्यांना वाडियाचा पुळका आला ते पांढरपेशे वर्तमानपत्रवाले इतर वेळी कुठं असतात? अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं, खर्चाचा अंदाज ३,६०० कोटींचा होता, तेव्हा त्यांच्या अग्रलेखाला इतकी धार नव्हती. लखनौला मायावतींनी बाबासाहेबांचं, कांशीरामांचं स्थळ दगडात बांधलं तेव्हा मात्र हत्ती मोजायला सगळे धावले. दलिताच्या पुतळ्याचा खर्च तेवढा 'उधळपट्टी' असतो. बाकीचा 'अस्मिता'.

हे सगळं खरं, आणि तरीही मला ४५० फूट पचत नाही. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये रानड्यांवरच्या भाषणात विभूतिपूजेचे वाभाडे काढले. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला. ते वाचलेला माणूस उंचीच्या शर्यतीत बाबासाहेबांना उतरवील का? हैदराबादला १४ एप्रिल २०२३ रोजी १२५ फुटी पुतळा झाला, विजयवाड्यात १९ जानेवारी २०२४ रोजी आणखी एक १२५ फुटी, त्याचा चौथराच ८१ फुटांचा. प्रत्येक सरकार आधीच्यापेक्षा उंच बाबासाहेब करतंय आणि वस्तीतला वाचनालयाचा पंखा बंद आहे. ४५० फुटांवरच्या चेहऱ्याकडे पाहायला मान मोडते. डोळ्याला डोळा भिडत नाही. शिल्प म्हणून हा दोष आहे, भक्ती म्हणून गुण असेल.

उलट कोल्हापूरचा बिंदू चौक पाहा. ९ डिसेंबर १९५० ला तिथं जोतिबा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे बसले. बाबासाहेब हयात असताना. पुढाकार भाई माधवराव बागलांचा, शिल्पकार बाळ चव्हाण. माणसाच्या मापाचं काम. चौकातून जाताना तो चेहरा तुमच्याशी बोलतो. उंची किती हा प्रश्नच पडत नाही.

तर पैसा कुणाचा आणि आकार कुणाचा, याचं उत्तर शोधायला मी मुंबईत फार हिंडलो. मिळालं ते आपल्याच तालुक्यात. कोंडाणे लेणी.

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याला जायचं. उल्हासचं खोरं. पावसाळ्यात वरून धबधबा लेण्याच्या तोंडावर कोसळतो आणि मुंबईची गर्दी तिथं भिजायला, बाटल्या फोडायला येते. त्या गर्दीतल्या शंभरात एकाला तरी माहीत असेल का की ही बुद्धाची जागा आहे? इसवी सनापूर्वीचं हे लेणं. चैत्याच्या दर्शनी भागाशेजारी एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलीय. अर्थ एवढाच, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. बस. राजाचं नाव नाही. कुणा मंत्र्याचं शुभहस्ते नाही. ज्याने छिन्नी धरली त्याचं नाव, आणि ज्याने त्याला शिकवलं त्याचं नाव. दोन हजार वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यात एका कारागिराने सही केली आणि ती अजून वाचता येते!

मी पहिल्यांदा ती ओळ पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. वाचता येत नव्हती, बरोबरच्या मास्तरांनी अर्थ सांगितला. मी दगडाला हात लावून उभा राहिलो. माझा आजा दगड फोडायला जायचा, खडी करायला. त्याच्या फोडलेल्या खडीवरून रस्ते झाले, रस्त्यांना पुढाऱ्यांची नावं झाली. बलकाला जे मिळालं ते माझ्या आज्याला मिळालं नाही.

घाट चढून पलीकडे कार्ल्याला जा. तिथल्या चैत्याच्या खांबांवर देणगीदारांची नावं आहेत. धेनुकाकट गावची माणसं, त्यात यवनसुद्धा. भिक्षुणी आहेत, कुणाची आई आहे. सिंहदत्त नावाच्या सुगंधी विकणाऱ्याने दार दिलं, आणि दाराचं काम सामी नावाच्या सुताराने केलं, दोघांचीही नावं तिथं आहेत. देणारा आणि करणारा एकाच भिंतीवर. वैजयंतीचा भूतपाल शेठ मोठा देणगीदार, तोही आहे, पण एकटा नाही. आपल्याच रायगडात कुड्याच्या लेण्यात एका माळ्याचं दान कोरलंय, वैद्याचं आहे. म्हणजे ज्याला आज आपण सार्वजनिक कला म्हणतो तिचा पैसा या मुलखात एकदा असा उभा राहिला होता. खांब खांब करून. वर्गणीने.

फार गोड करून सांगत नाही. राजे होतेच. सातवाहनांनी, क्षत्रपांनी लेण्यांना गावं दिली, म्हणजे त्या गावच्या कुणब्याच्या घामाचा वाटा दिला. हजारो पाथरवटांतले दोनचारच आपल्याला नावाने माहीत आहेत. पण रीत होती. ज्याने दिलं त्याने सांगायचं, ज्याने केलं त्याने सांगायचं. आज पालिकेच्या भिंतीवर फुलपाखराखाली आयुक्तांचं पदनाम असतं. फुलपाखरू कुणी काढलं ते नसतं.

आता वर्गणीची गोष्ट निघालीच आहे तर माझ्या मामाच्या गावची सांगतो. खालापूरच्या बाजूला आहे, नाव लिहीत नाही. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला, १९९०-९१ ला, तिथल्या बौद्धवाड्याने अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. मामाकडे वर्गणीची वही होती. चौकोनी रेघांची, शाळेतली. ती वही आज माझ्याकडे आहे. त्यात काय नाही? पाच रुपये. दोन रुपये. "भात एक पायली, विकून सात." "वीटभट्टीवरून दहा, उरलेले पाच दिवाळीनंतर." कातकरवाडीतल्या एका म्हाताऱ्याचे दोन रुपये, जो बौद्ध नव्हता, जय भीमवालाही नव्हता, मामाच्या बरोबर भट्टीवर होता म्हणून. माझ्या आयेचे पाच, दोन हप्त्यांत, कारण ती माहेरवाशीण. एकूण साडेतीन हजारांच्या आसपास झाले. मी या वहीला कार्ल्याच्या खांबांच्या रांगेत बसवतो. कुणाला हसायचं तर हसा.

पुतळा मात्र भीषण झाला. आता समीक्षा करायला बसलोय तर खोटं कसं बोलू? गणपती करणाऱ्या एका कारागिराला काम दिलं होतं, तोच परवडला. चष्मा बरोबर आला, कोट बरोबर आला, टाय आला. गाल गणपतीचे आले. अनावरणाला सगळे जय भीम म्हणाले आणि माझी आये माझ्या कानात म्हणाली, "बाबाचा चेरा असा गुबगुबीत नव्हता रं. मी फोटूत पायलाय." मी म्हटलं, "गप गं आये, लोक ऐकतील." आज वाटतं तिला गप करायला नको होतं. त्या दिवशीची खरी समीक्षा तीच होती.

आपल्या वस्त्यांतल्या पुतळ्यांचं हे दुखणं आहे आणि आपण त्याबद्दल बोलत नाही. बोललं की बाबासाहेबांचा अपमान! ब्रह्मेश वाघांनी केलेला पुतळा २ एप्रिल १९६७ ला संसदेच्या आवारात बसला. पूर्णाकृती, हात पुढे, बोट रोखलेलं. त्या मूळ शिल्पात अंगात ताण आहे, पाऊल पुढे पडलंय, बोट संसदेकडे आहे म्हणून त्याला अर्थ आहे. मग साचे निघाले. सिमेंटचे, फायबरचे, निळा कोट, लाल टाय, हातात पुस्तक. बोट मात्र कुठंही रोखलेलं. आमच्याकडच्या एका गावी ते बोट बरोबर बिअर शॉपीकडे आहे. पोरं त्यावर विनोद करतात, आणि मला हसू येतं आणि लाजही वाटते. २०२४ मध्ये तर संसदेतला मूळ पुतळाच जागेवरून हलवून 'प्रेरणा स्थळा'त नेला. बोटासमोरून संसदच सरकवली म्हणा ना.

मग म्हणाल, चांगला शिल्पकार का लावत नाही? पैसा नाही, हे पहिलं. आणि दुसरं, पैसा जमला तरी कागद. मामाच्या गावच्या पोरांनी काही वर्षांपूर्वी ठरवलं, जुना उतरवू, नीट ब्राँझचा करू. नोकरीवाल्या पोरांनी एकेक पगार दिला. मग फाईल सुरू झाली. स्थानिक संस्थेचा ठराव, जागेचे कागद, पोलिसांचा ना-हरकत दाखला, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, मग जिल्ह्याची समिती. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला रस्त्यात, रहदारीत पुतळे नकोत म्हणून आदेश दिलाय, तोही दाखवला गेला. नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मातीचा नमुना तज्ज्ञाने पाहावा ही तर माझ्या आयेचीच मागणी. पण एका कचेरीत पोराला म्हणाले, "तुमच्या लोकांना पुतळेच का लागतात?" पोरगा इंजिनियर आहे. उत्तर न देता खाली उतरला, आणि वर्षभर फाईलकडे फिरकला नाही.

आणि नियम सगळ्यांना आहेत ना? ४ डिसेंबर २०२३ ला मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा पंतप्रधानांच्या हस्ते झाला. २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिने भरले नाहीत. आम्ही मान्यता दिली ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, ३५ फूट करणार हे आम्हाला सांगितलं नव्हतं, असं तेव्हाच्या कला संचालकांनी सांगितल्याचं वर्तमानपत्रांत आलं. महाराज कोसळले याचं दुःख आम्हालाही झालं, रयतेचा राजा आमचाही आहे. पण पाहा, ज्याच्या मागे सत्ता आहे त्याचा सहा फुटांचा कागद ३५ फुटांना पुरतो. ज्याच्या मागे वर्गणीची वही आहे त्याला अडीच फुटांच्या अर्धपुतळ्यासाठी फाईल घेऊन फिरावं लागतं. तिथं घाई कुणाची होती? तारखेची. कला तारखेवर करायची म्हटली की बोल्ट गंजतात.

आणखी एक, जे लिहायला हात जड होतो. आपला पुतळा पिंजऱ्यात असतो. तुम्ही गावोगाव पाहिलंय. लोखंडी जाळी, कुलूप, कधी एक पोलीस खुर्ची टाकून. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. सरकारने त्यानंतर काय शिकलं? जाळी लावायला शिकलं. जगात दुसरी कुठली सार्वजनिक कला पिंजऱ्यात ठेवतात ते मला ठाऊक नाही. काळा घोड्याच्या चौकात २०१७ साली नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. जुना एडवर्ड राजाचा घोडा १९६५ मध्ये तिथून उचलून राणीच्या बागेत टाकला होता. नव्या घोड्याला जाळी नाही. त्याच्यावर कुणी बसलेलं नाही, म्हणून कुणाला कसला राग नाही. दरवर्षी तिथं कलेचा महोत्सव भरतो, मध्यमवर्ग फोटो काढतो. चांगलं आहे. पण शहराने ज्या कलेला आपलं म्हटलं ती स्वार नसलेली आहे, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

विलास घोगरेंच्या गळ्याला कुठल्या पालिकेने अनुदान दिलं होतं? त्याआधी भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाला? चाळीच्या पटांगणात कंदील लावून सबंध रात्र लोक ऐकायचे. ती सार्वजनिक कला नव्हती का? सरकारची कलावंतांसाठी मानधन योजना आहे, २०२४ पासून महिना ५,००० रुपये. म्हातारा झाल्यावर, अर्ज केल्यावर, समितीने मान्य केल्यावर. एका हाताला १,०८९ कोटींचं ब्राँझ आणि दुसऱ्या हाताला महिना पाच हजार. ज्या गळ्यांनी बाबासाहेब घराघरात नेले त्यांची किंमत सरकारने अशी केलीय.

बाहेर काय चालतं तेही पाहू. अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ पासून नियम केला की सरकारी पैशाने इमारत बांधली तर खर्चाचा एक टक्का कलेला. न्यूयॉर्कने १९८२ मध्ये केला. टक्का थोडा दिसतो, पण तो हक्क आहे, मेहेरबानी नाही. दुसरीकडे, मेक्सिकोच्या सरकारने १९२० नंतर चित्रकारांना भिंती दिल्या आणि दिएगो रिव्हेराने त्यांवर शेतकरी-मजूर काढले. तोच रिव्हेरा न्यूयॉर्कला रॉकफेलरच्या इमारतीत गेला, भिंतीवर लेनिनचा चेहरा काढला, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये मालकाने ती भिंतच फोडून टाकली. पैसा ज्याचा, हातोडा त्याचा.

आणि आपल्या पँथरच्या पोरांनी डोळ्यांपुढं ठेवावं असं एक उदाहरण शिकागोचं आहे. १९६७ साली काळ्या वस्तीत, एका पडक्या दारूच्या गुत्त्याच्या बाहेरच्या भिंतीवर काळ्या चित्रकारांनी आपले लोक रंगवले. माल्कम एक्स, महंमद अली, गाणाऱ्या बाया, लिहिणारे लोक. नाव दिलं आदराची भिंत. पालिकेचा पैसा नाही, परवानगी नाही. वस्तीने भिंत दिली, वस्तीच्या पोरांनी रात्रीची राखण केली. आपसात भांडणंही झाली, एक भाग पांढरा फासून पुन्हा रंगवला गेला. भांडण नको असेल तर फुलपाखरू काढावं! १९७१ मध्ये आग लागली आणि पुढे इमारत पाडली. पण तोवर अमेरिकेच्या किती वस्त्यांत भिंती बोलू लागल्या होत्या. आपली पँथर १९७२ ची. त्यांच्याकडून आपण नाव घेतलं, भिंत मात्र घेतली नाही. आपण भिंतीवर घोषणा लिहिल्या, चित्र काढायचं राहून गेलं.

आता चैत्यभूमीकडे या आणि पुन्हा वहीकडे. ५ डिसेंबर १९७१ ला जो स्तूप मीराताई आंबेडकरांच्या हस्ते खुला झाला तो भय्यासाहेबांनी महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत नेऊन, गावोगावी लोकांकडून पैसा गोळा करून बांधला. वास्तू साधी आहे. वरळी-दादरच्या टॉवरांपुढं बुटकी. ६ डिसेंबरला लाखो लोक रांगेत उभे राहतात ते तिथं, उंची पाहायला नव्हे. मला कुणी विचारलं या शहरातलं सर्वांत जिवंत सार्वजनिक शिल्प कोणतं, तर मी हेच सांगीन, आणि त्यात मी स्तूपाबरोबर ती रांग आणि पुस्तकांचे स्टॉलही मोजीन.

म्हणून काय, पालिकेचा पैसा नको म्हणायचं? नाही. इथं माझं आणि काही जुन्या साथींचं जमत नाही. ते म्हणतात सरकारी पैसा विटाळ. मी म्हणतो तो पैसा कुणाच्या बापाचा आहे? नालेसफाईवाल्याच्या, कचरागाडीवाल्याच्या मजुरीतून आलेला कर आहे. पालिकेच्या शाळेत शिपाई असलेल्या नारायण सुर्व्यांनी या शहराला कविता दिली आणि म्हातारपणी आपल्या नेरळला येऊन राहिले. शहराने त्यांना किती दिलं आणि त्यांनी शहराला किती दिलं, याचा हिशोब मांडा. आपण मागतोय ते उधारी वसूल करतोय.

पण ठरावावर किती भिस्त ठेवायची हे आपल्या जिल्ह्याने आपल्याला शिकवलंय. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, माणसं चालत गेली तेव्हा. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडावा लागला. नगरपालिकेने दिलेलं नगरपालिका काढून घेऊ शकते. तळं असो की भिंत.

तर पोरांनो, अर्ज करू. मसुदा मी लिहून ठेवलाय. त्यात चारपाच गोष्टी घातल्यात. समाजमंदिर, शाळा, दवाखाना, जे काही सरकारी पैशाने आपल्या तालुक्यात बांधलं जाईल त्याच्या खर्चाचा ठरलेला टक्का कलेला. कोणतं चित्र, कोणतं शिल्प हे ठरवताना वस्तीतल्या बाया बसल्या पाहिजेत, माझ्या आयेसारख्या, फोटूत चेहरा पाहिलेल्या. करणाऱ्याचं नाव खाली, मोठ्या अक्षरात, उद्‌घाटकाच्या नावापेक्षा मोठ्या. शाहिराला कार्यक्रमाचे पैसे कार्यक्रमाच्या दिवशी, म्हातारपणी नव्हे. आणि विषयावर हरकत घ्यायचा अधिकार पैसा देणाऱ्याला नाही. हे शेवटचं कलम पास होणार नाही, मला माहीत आहे. तरी ते खोडायचं नाही.

उत्तर यायला वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर थांबायचं कशाला? कडावच्या नाक्यापुढं, कर्जत-मुरबाड रस्त्याला लागून एका आपल्या माणसाच्या घराची भिंत आहे, दक्षिणेकडची, उन्हाची. मी बोललोय, तो हो म्हणालाय. चुना आपला, रंगाला वर्गणी काढू. मामाच्या वहीत शेवटची अकरा पानं कोरी आहेत, ती घेऊन येतो. काय काढायचं यावर रविवारी भांडू. माझं मत आधीच सांगून ठेवतो, मधोमध पुतळा नको. भट्टीवरची बाई हवी, वीट डोक्यावर असलेली, आणि खाली काढणाऱ्याची सही, बलकासारखी.